ध्येयपूर्तीनंतरची पोकळी

अपयशाने खचलेल्या माणसाला धीर देण्याची आपल्याकडे रीत आहे. यश मिळाल्यानंतर खचलेल्या माणसाशी काय बोलावे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण, प्रबंध सादर करून डॉक्टरेट मिळवलेली संशोधक, कर्ज फेडून घर नावावर करून घेतलेला नोकरदार, पदक जिंकलेला खेळाडू या सर्वांनी आता सुखात असावे, अशी समाजाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात यांपैकी अनेकांना हारतुरे सुकण्याच्या आतच एक विचित्र अस्वस्थता घेरते. झोप उडते, कशात मन रमत नाही, चिडचिड वाढते. काहींच्या मनात तर हाती आलेले सारे उधळून द्यावे, स्वतःचे काहीतरी नुकसान करून घ्यावे, अशी ऊर्मी उसळते. ही अवस्था कृतघ्नपणातून येत नाही आणि तिचा मनाच्या दुबळेपणाशीही संबंध नाही. तिची कारणे बऱ्याच अंशी समजलेली आहेत आणि तिच्यावर उपायही आहेत.

बीजिंगचे सुवर्ण आणि त्यानंतर

११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफल नेमबाजीची अंतिम फेरी झाली. अखेरच्या नेमापूर्वी भारताचे अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचे हेन्री हॅक्किनेन यांचे गुण समसमान होते. बिंद्रा यांनी शेवटच्या नेमात १०.८ गुण मिळवले आणि भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले. २००४ मध्ये अथेन्स येथे अंतिम फेरीत ते सातवे आले होते. त्या निराशेनंतरची चार वर्षे त्यांनी याच एका क्षणासाठी वेचली होती.

देशभर सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली. पुढे बिंद्रा यांनी जाहीर मुलाखतींतून जे सांगितले, ते मात्र अनेकांना चकित करणारे होते. आयुष्यातील सर्वांत कठीण मानसिक काळ पराभवानंतर आला नाही, तो या सुवर्णपदकानंतर आला, असे त्यांचे सांगणे आहे. लहानपणापासून ज्या एका ध्यासाने दिवसाला आकार दिला होता, तो पूर्ण होताच मोठी पोकळी निर्माण झाली. पुढे काय करायचे, हेच कळेनासे झाले. बिंद्रा नेमबाजीत टिकून राहिले, पण त्यासाठी त्यांना खेळाशी असलेले नाते नव्याने जुळवावे लागले. २०१४ मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. २०१६ मध्ये रिओ येथे त्यांचे पदक थोडक्यात हुकले. चौथ्या स्थानावर समाधान मानून त्यांनी त्याच वर्षी निवृत्ती घेतली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या खेळाडू आयोगाचे सदस्य या नात्याने खेळाडूंच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न ते सातत्याने मांडत आले आहेत.

असा अनुभव आलेले बिंद्रा एकटे नाहीत. अमेरिकेचे जलतरणपटू मायकेल फेल्प्स यांच्या नावावर २३ सुवर्णांसह २८ ऑलिम्पिक पदके आहेत. प्रत्येक ऑलिम्पिकनंतर आपण नैराश्याच्या गर्तेत जात असू, असे त्यांनी २०१८ मध्ये शिकागो येथील एका परिषदेत सांगितले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर तर जगण्याचीच इच्छा उरली नव्हती. २००४ मध्ये अथेन्सहून सहा सुवर्णपदके घेऊन परतल्यावर काही महिन्यांतच मद्यप्राशन करून वाहन चालवल्याबद्दल त्यांना अटक झाली होती. २०१४ मध्ये त्याच कारणाने पुन्हा अटक झाली, तेव्हा मात्र त्यांनी उपचार केंद्रात दाखल होण्याचा निर्णय घेतला. ब्रिटनचे जलतरणपटू अॅडम पीटी यांनी रिओ आणि टोकियो अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्ण जिंकले. २०२३ मध्ये मानसिक आरोग्याच्या कारणास्तव त्यांनी स्पर्धेतून माघार घेतली आणि आपण स्वतःचाच नाश करणाऱ्या चक्रात सापडलो होतो, हे उघडपणे मान्य केले.

क्रीडाक्षेत्राबाहेरचे सर्वांत ठळक उदाहरण चंद्रावर उतरलेल्या बझ आल्ड्रिन यांचे आहे. जुलै १९६९ मध्ये 'अपोलो ११' मोहिमेत नील आर्मस्ट्राँग यांच्यामागोमाग त्यांनी चंद्रावर पाऊल ठेवले. परतल्यावर जगभर मिरवणुका निघाल्या. पण चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाने पुढे कोणते ध्येय ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. नैराश्य आणि मद्याचे व्यसन यांनी पुढील काही वर्षे ग्रासली. १९७३ मध्ये 'रिटर्न टू अर्थ' या पुस्तकात त्यांनी आपल्या आजारपणाची कहाणी सांगितली. १९७८ मध्ये त्यांनी मद्य कायमचे सोडले.

जुनेच दुखणे

हे दुखणे केवळ आधुनिक स्पर्धेच्या युगाचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. कुरुक्षेत्रावरील विजयानंतर युधिष्ठिराला राज्याचा आनंद झाला नाही. सारे सोडून वनात जावे, असे त्याला वाटू लागले, आणि त्याची समजूत घालण्यासाठी भाऊ, द्रौपदी, व्यास, श्रीकृष्ण व अखेरीस शरपंजरी पडलेले भीष्म यांना बोलावे लागले. महाभारतातील शांतिपर्वाचा आरंभच या विषादातून होतो. भागवताच्या पहिल्या स्कंधातही असाच प्रसंग आहे. वेदांची विभागणी आणि महाभारताची रचना पूर्ण झाल्यावरही व्यास सरस्वतीच्या तीरावर खिन्न होऊन बसले होते. तेथे नारद आले आणि त्यांनी या खिन्नतेचे कारण उलगडून सांगितले. दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. कोणीतरी जवळ येऊन बसते, ऐकून घेते आणि मगच पुढचा मार्ग दिसतो.

याचे सौम्य रूप तर घरोघरी परिचित आहे. अनंत चतुर्दशीला विसर्जन करून परतल्यावर रिकामे मखर पाहून मन उदास होते. लग्नकार्य पार पडून पाहुणे पांगले की घर खायला उठते. अनेक महिन्यांचे ध्येय संपते, तेव्हा हीच रुखरुख कितीतरी पटींनी मोठी होऊन समोर उभी राहते.

असे का होते?

मानसशास्त्रज्ञांनी या अवस्थेची निरनिराळी अंगे दाखवून दिली आहेत. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१६ मध्येच 'यशाने उद्ध्वस्त झालेली' माणसे या विषयावर लिहिले. दीर्घकाळची इच्छा पूर्ण होते, नेमक्या त्याच वेळी ही माणसे आजारी पडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याचे मूळ त्यांनी अपराधी भावनेत शोधले. आपण या यशाला पात्र नाही, असे मनात खोलवर रुजलेले असेल, तर माणूस स्वतःला शिक्षा करण्याचे निमित्त शोधू लागतो. या उपपत्तीवर पुढे बरेच मतभेद झाले. तरी 'मला हे मिळायला नको होते' हा विचार आजही समुपदेशकांसमोर वारंवार येतो.

दुसरे कारण सवयीचे आहे. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये असे मांडले, की परिस्थिती सुधारली तरी माणूस तिला लवकरच सरावतो आणि त्याच्या समाधानाची पातळी जवळजवळ पूर्वीच्याच जागी येते. ब्रिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लॉटरी लागलेल्या २२ जणांची तुलना सर्वसाधारण लोकांशी केली, तेव्हा विजेते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. रोजच्या लहानसहान गोष्टींतला आनंद तर त्यांना कमीच वाटत होता. हा निष्कर्ष फार ताणू नये. स्वीडनमधील लॉटरी विजेत्यांच्या खूप मोठ्या अभ्यासात जीवनाविषयीचे समाधान दीर्घकाळ वाढलेले दिसले, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तात्पर्य एवढेच, की यशाने परिस्थिती सुधारते, पण मनाचे सगळे प्रश्न सुटत नाहीत. 'एकदा तिथे पोहोचलो की सर्व ठीक होईल' या समजुतीला हार्वर्ड विद्यापीठात अध्यापन केलेले ताल बेन-शहार 'पोहोचण्याचा भ्रम' म्हणतात.

तिसरे कारण मेंदूच्या रचनेत आहे. वुल्फ्रॅम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून डोपामिन या रसायनाशी निगडित पेशींचे वर्तन समजले. फळाचा रस अनपेक्षितपणे मिळाला, की या पेशी उद्दीपित होत. रस मिळणार याची खूण माकडाला ओळखता येऊ लागल्यावर मात्र त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागत, आणि प्रत्यक्ष रस मिळताना फारशी हालचाल दिसत नसे. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी 'हवेसे वाटणे' आणि 'आवडणे' या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया असल्याचे दाखवले. ध्येयाच्या वाटचालीत पहिली प्रक्रिया माणसाला पुढे खेचत असते. ध्येय हाती आले की हे खेचणारे बळच थांबते. खरे तर माणूस ज्या ऊर्जेवर चालत होता, ती ध्येय दूर असण्यातून मिळत होती.

चौथे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ध्येयाने माणसाला वेळापत्रक, सोबत आणि ओळख दिलेली असते. पहाटे कधी उठायचे, काय खायचे, कोणाला भेटायचे, कशाला नकार द्यायचा, हे सारे ठरलेले असते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ही चौकट एकाएकी नाहीशी होते. अभ्यासिकेतील मित्र पांगतात, प्रशिक्षकाचा दूरध्वनी येत नाही. 'मी परीक्षार्थी' किंवा 'मी धावपटू' याखेरीज दुसरी ओळख जोपासलेली नसेल, तर आरशात दिसणारा माणूस परका वाटू लागतो. त्यात दीर्घ ताणाने थकलेले शरीर, अपुरी झोप आणि अचानक बंद झालेला व्यायाम यांची भर पडते. ध्येयाच्या मागे धावताना दाबून ठेवलेली जुनी दुःखेही याच मोकळ्या वेळेत डोके वर काढतात.

न बोललेले दुःख

या अवस्थेचा खरा धोका मौनात आहे. नापास झालेल्या मुलावर घरच्यांची नजर असते. पहिल्या आलेल्या मुलाकडे तशा दृष्टीने कोणी पाहत नाही. 'आता तुला काय कमी आहे?' हा प्रश्न कौतुकाने विचारला जातो, पण आतून पोखरलेल्या माणसाला तो आरोपासारखा ऐकू येतो. ज्यांना यश मिळाले नाही, त्यांच्यासमोर आपण रडगाणे कसे गायचे, या संकोचाने तो गप्प बसतो. तक्रार करण्याचा अधिकारच आपण गमावला आहे, अशी त्याची समजूत होते.

मग ही अस्वस्थता वर्तनातून बाहेर पडते. मद्यपान वाढते. बेफाम वेगाने वाहन चालवले जाते. पैसा उधळला जातो किंवा जुगारात लावला जातो. रुजू होण्याच्या आधीच नोकरी सोडण्याची भाषा सुरू होते, जिव्हाळ्याचे संबंध विनाकारण तोडले जातात. काही जण लगेच त्याहून मोठे, जवळजवळ अशक्य ध्येय अंगावर घेतात. वरवर ही महत्त्वाकांक्षा वाटते, पण अनेकदा तो पोकळीपासूनचा पळ असतो. काही जण शरीराला इजा करून घेतात, आणि काहींच्या मनात जीवन संपवण्याचे विचार येतात. या सर्व कृतींमागे बहुधा एकच धडपड असते. बधिर झालेल्या मनाला काहीतरी जाणवावे, किंवा असह्य अस्वस्थतेतून क्षणभर तरी सुटका व्हावी.

उताराची तयारी

गिर्यारोहक शिखर सर करण्याच्या योजनेत उतरण्याचीही योजना आखतात. ध्येयाच्या बाबतीतही हेच करावे लागते. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना थेट घरी न पाठवता सायप्रस बेटावर थोडा काळ थांबवले जाई. रणभूमी आणि घर यांच्यामध्ये मनाला थोडी उसंत मिळावी, हा त्यामागील हेतू होता. टोकियो ऑलिम्पिकच्या सुमारास ब्रिटनच्या क्रीडा यंत्रणेने हीच कल्पना खेळाडूंसाठी स्वीकारली. स्पर्धा संपताच थोडक्यात संवाद, मग घरच्यांसोबत विश्रांती, त्यानंतर भावनांविषयी सविस्तर बोलणे आणि सर्वांत शेवटी कामगिरीचे विश्लेषण, असा तो चार टप्प्यांचा क्रम आहे. पदक मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना त्यातून जावे लागते, हे त्याचे वैशिष्ट्य.

सर्वसामान्य माणसालाही या क्रमातून बरेच घेता येते. निकालानंतरच्या काही आठवड्यांची ढोबळ आखणी आधीच करून ठेवावी. उठण्याची, जेवणाची आणि झोपेची वेळ बदलू नये. व्यायाम एकदम न थांबवता हळूहळू कमी करावा. ध्येयासाठी मागे ठेवलेली एखादी आवड, जुनी मैत्री किंवा राहून गेलेला प्रवास यांसाठी ठरवून वेळ काढावा. सुरुवातीला त्यात आनंद वाटला नाही, तरी कृती चालू ठेवावी. उत्साह येण्याची वाट न पाहता कृतीपासून आरंभ करणे, हा नैराश्यावरील मान्यताप्राप्त उपचाराचाच एक भाग आहे. या काळात नोकरी सोडणे, विवाह मोडणे, मोठे कर्ज काढणे यांसारखे निर्णय पुढे ढकलावेत. नवे ध्येय ठरवण्याची घाई करू नये, आणि ठरवलेच तर त्यात केवळ पोहोचण्याचे ठिकाण न पाहता रोजचे काम आपल्याला आवडते का, हेही पाहावे. आपल्याला लाभलेले ज्ञान दुसऱ्याला देणे, हा पोकळी भरण्याचा एक जुना व खात्रीचा मार्ग आहे. नव्या परीक्षार्थींना शिकवणारे अनेक जण तो नकळत अवलंबतात.

ऊर्मी उसळते तेव्हा

स्वतःचे नुकसान करून घेण्याची ऊर्मी आली, म्हणजे ती पूर्ण होईपर्यंत वाढतच जाईल, असे त्या क्षणी वाटते. प्रत्यक्षात ती लाटेसारखी असते. ती चढते, शिगेला पोहोचते आणि ओसरते. व्यसनांवर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लाट यांनी या लाटेशी न झुंजता, तिच्यात न बुडता, तिला वरून जाऊ देण्याचे तंत्र विकसित केले. छातीत, पोटात, हातांत काय जाणवते आहे याकडे लक्ष द्यावे, श्वास संथ ठेवावा आणि कोणतीही कृती थोडा वेळ लांबणीवर टाकावी. गार पाण्याने तोंड धुणे, घराबाहेर पडून चालणे, कोणाला तरी हाक मारणे एवढ्यानेही मधला अवघड काळ निघून जातो. मद्य मात्र टाळलेच पाहिजे. ते ऊर्मीवरचा उरलासुरला लगामही सोडवते.

बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या तज्ज्ञांनी तयार केलेला 'सुरक्षा आराखडा' आज अनेक देशांत वापरला जातो. मन शांत असताना तो कागदावर लिहून ठेवायचा असतो. त्यात धोक्याची आपली लक्षणे, एकट्याने करता येण्याजोगे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसे व ठिकाणे, मदत मागता येईल असे आप्त, आणि डॉक्टर व मदतवाहिनीचे क्रमांक या क्रमाने नोंदी असतात. घातक वस्तू हाताशी राहणार नाहीत, याची व्यवस्था हा त्याचा अखेरचा आणि अत्यंत महत्त्वाचा भाग होय. अवघड क्षणी विचार करण्याची शक्ती उरत नाही. त्या वेळी हा कागद उपयोगी पडतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

निकालानंतर काही दिवस रिते वाटणे स्वाभाविक आहे. पण उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप व भूक बिघडली, कामे अडू लागली, व्यसन वाढले, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. स्वतःला इजा करण्याचा किंवा जीवन संपवण्याचा विचार मनात आला असेल, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी मदत मागावी. बोलण्यावर आधारित उपचार आणि आवश्यक तेथे औषधे यांनी बहुतेकांना आराम पडतो.

घरच्यांनी उपदेश आणि तुलना टाळावी. 'इतके मिळूनही तू असा का?' याऐवजी 'सगळे झाल्यावर आता कसे वाटते आहे?' असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा गैरसमज आहे. आपुलकीने विचारलेल्या स्पष्ट प्रश्नाने उलट मनावरचे ओझे हलके होते. धोका जाणवल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

कायद्याची भीती बाळगण्याचेही कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील कलम ३०९ ठेवलेले नाही.

मदत कोठे मिळेल?

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध असून मराठीतूनही बोलता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांतही तपासणी करून घेता येते.

यशस्वी माणसाचा सत्कार करताना शाल, श्रीफळ आणि टाळ्या यांची कमतरता नसते. महिन्याभराने, फलक उतरल्यावर, त्याच माणसाची विचारपूस करणारा एक तरी जण असावा. अनेकदा त्याला सर्वाधिक गरज त्याचीच असते.